भाऊजींची हिमनदी

अख्ख्या जर्मनीत इतका तापट माणूस दुसरा नसेल, आणि त्याने पोटापाण्यासाठी निवडलं काय, तर बर्फ! माझ्या नवऱ्याचे हे मावसभाऊ डार्मश्टाटच्या विद्यापीठात हिमनदीवर डॉक्टरेट करतात. करतात म्हणजे करतच असतात. आमचं पोरगं इथेच जन्मलं, किंडरगार्टन संपवून शाळेत गेलं, तरी भाऊजींची हिमनदी आपली चालूच. दर रविवारी दुपारी आमच्याकडे जेवायला यायचं आणि पहिल्या घासापासून कुणाच्या तरी नावाने शंख करायचा, हा त्यांचा नेम होता.

त्यांचं शिखर म्हणजे त्सुगश्पिट्स, या देशातलं सगळ्यात उंच. त्याच्या माथ्याखाली खडकांच्या परातीत ही हिमनदी बसलेली. हिवाळ्यात पडलेला बर्फ उन्हाळ्यात पुरता वितळला नाही, की थरावर थर दाबला जातो आणि स्वतःच्याच वजनाने इंच इंच खाली सरकू लागतो, ती हिमनदी. हे मला भात वाढता वाढता पाठ झालं. भाऊजी त्या बर्फात भोकं पाडून लांब काठ्या रोवायचे आणि उन्हाळा संपताना बघायचे, काठी किती उघडी पडली ते. जितकी काठी बाहेर तितका बर्फ गेला, आणि तितकं भाऊजींचं डोकं फिरलेलं. एका वर्षी सहारा वाळवंटातली धूळ वाऱ्याबरोबर येऊन तिथे पसरली. मळका बर्फ ऊन जास्त ओढतो, लवकर वितळतो. "एवढं जग पडलंय, इथेच तडमडायला काय झालं होतं तिला!" असं ओरडताना त्यांच्या हातातला पापड मोडला. डोंगर ओलांडून दक्षिणेकडून येणाऱ्या उबदार वाऱ्याला, फोएनला, तर ते घरच्या दुष्मनासारखं अरेतुरे करत. केबलकारने वर येऊन बर्फात बिअरच्या बाटल्या गार करणाऱ्यांना त्यांनी असं काही झापलं होतं, की ती माणसं बाटल्या तिथेच टाकून पळाली आणि मग बाटल्या टाकल्या म्हणून भाऊजी पुन्हा त्यांच्या मागे धावले.

मीही काही गरीब गाय नाही. "अहो भाऊजी, ओरडून बर्फ गोठतो का?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "वहिनी, फ्रीजचं दार उघडं टाकून बोलताय. आधी ते लावा!" दोन रविवार मी त्यांच्याशी बोलले नाही. ते मात्र जेवायला आले.

मग हिमनद्यांची नोंद ठेवणाऱ्यांची एक समिती बसली. हिमनदी फार पातळ झालीय, आता सरकतही नाही, तेव्हा तिचं नाव यादीतून काढायचं आणि मोजणी बंद करायची, असं ठरायला आलं. बैठकीत भाऊजी टेबलावर हात आपटून उभे राहिले. "हलत नाही म्हणून काढून टाकता? माझे वडील लकवा झाल्यापासून साताऱ्याला खाटेवर आहेत, सहा वर्षं हललेले नाहीत. ते काय माझे वडील नाहीत?" अध्यक्षबाई "आल्झो...", म्हणजे आपलं "तर मग...", म्हणाल्या आणि त्यांनी मतं मागवली. निर्णय मात्र तोच झाला. काठ्या काढून जागा साफ करायचं पत्र भाऊजींच्याच हातात दिलं. काय म्हणावं या लोकांना!

नवऱ्याचा गुडघा धड नव्हता, म्हणून सप्टेंबरात काठ्या काढायला भाऊजींबरोबर मी गेले. खाली तळ्याकाठी माणसं अर्ध्या बाह्यांत आइस्क्रीम खात होती. वर केबलकारमधून उतरले तर बोचरा वारा, अंगावर बर्फाचा चुरा, आणि दहाव्या मिनिटाला डोळे दिपवणारं ऊन. इतकी वर्षं ऐकलेली हिमनदी पाहायला मी खडकांवरून धडपडत खाली उतरले, तर समोर राखाडी चिखल, गोटे आणि त्यात मळक्या बर्फाचं एक ठिगळ. माझं डोकंच फिरलं. "याच्यासाठी लग्न केलं नाहीत? याच्यासाठी दर उन्हाळ्यात वडिलांना भेटायचं राहिलं?" भाऊजी वाकून काठ्या गोळा करू लागले. बऱ्याच काठ्या आधीच आडव्या पडल्या होत्या. शेवटची उभी होती, ती त्यांनी धरली आणि ती अलगद हातात आली. खालून पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता.

तेवढ्यात एक जर्मन आजोबा आले आणि त्यांनी विचारलं, इथली हिमनदी कुठे आहे? मी मनात म्हटलं, मेला आता म्हातारा. पण भाऊजी हळूच म्हणाले, "गेली हो. जरा उशीर केलात." मग मीच ओरडले, माझ्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये, "पायाखाली बघा, कुठे उभे आहात!" आजोबा बिचारे घाबरून बाजूला झाले. भाऊजींनी माझी बाही धरली. "जाऊ द्या, वहिनी."

रविवारी ते अजून येतात. समोर येईल ते खातात, पोराचा अभ्यास घेतात, कुणाबद्दल वावगा शब्द काढत नाहीत. परवा मी हट्टाने आमटीत मीठच घातलं नाही. म्हटलं, बघू कसे गप्प बसतात. दोन वाट्या प्यायले आणि म्हणाले, "छान झालीय." मला इतका संताप आला, की वाटी उचलून मी आत गेले आणि ओट्याशी उभी राहून रडले.