कुंपणापलीकडचा मेंढा

त्याला सगळे एडकाच म्हणायचे. बोलण्याआधी डोकं खाली घालून धडक द्यायची, हा त्याचा स्वभाव. स्वतःच्या लग्नात त्याने मेव्हण्याचं नाक फोडलं होतं. जनावरावर मात्र त्याने तोवर कधी हात टाकला नव्हता.

मऊ लोकरीचा एक नर आणून त्याने आपल्या राठ केसांच्या मेंढ्यांना दाखवला. कोकरं झाली ती सगळी पांढरी. लोकर आईपेक्षा मऊ, बापापेक्षा जाड. एडका हरखला. "आता यांच्याच आपसात जोड्या लावू," तो बायकोला म्हणाला. "पुढची पिढी लोण्यासारखी निघते बघ."

पुढच्या वेताला काही निघालीही तशी. पण बाकीच्यांच्या अंगावर काथ्यासारखे केस, आणि एक तर काळंकुट्ट.

कुंपणापलीकडे धाकट्या भावाचा कळप होता. त्यात जुन्या जातीचा एक काळा मेंढा होता. एडक्याने दाराचा लोखंडी अडसर उपसला आणि तडक तिकडे गेला. भाऊ लोकर कातरत बसला होता.

"तुझा मेंढा माझ्या कळपात सोडलास ना?"

"दादा, तुझी शपथ—"

अडसर मनगटावर बसला. हाड मोडल्याचं दोघांनाही ऐकू आलं. मग एडका मेंढ्याकडे वळला आणि त्याचं कपाळ फोडलं. जनावर पाय झाडत तिथंच गेलं.

तसाच रक्ताळलेला तो राठ कोकरं मारायला घरी आला. गोठ्याच्या दारात बायको आडवी उभी.

"आपल्या पोरीचे केस बघा. तुमचे मऊ, माझे मऊ, तिचे तुमच्या आईसारखे राठ. तेव्हा कोण आलं होतं हो कुंपण ओलांडून?"

त्याने थोबाडीत मारली. तिचा ओठ फाटला, पण ती हलली नाही. "अजून मारा. पण उत्तर द्या."

तो मागे फिरला. कोकरं वाचली.

पुढच्या वर्षी त्याच जोड्यांना पुन्हा राठ कोकरं झाली, पुन्हा एक काळं. भावाचा मेंढा तर केव्हाच मातीत गेला होता. ते ओलं काळं कोकरू छातीशी धरून एडका भावाकडे गेला.

"चूक माझी होती. हे यांच्या रक्तातच होतं."

भावाचं मनगट वाकडं जुळलं होतं. त्याने कोकरू घेऊन अलगद गवतावर ठेवलं, आणि डाव्या मुठीने एडक्याचं तोंड फोडलं. एडक्याने हात वर केला नाही. दात पडले, डोळा मिटला, भाऊ दमेपर्यंत मारत राहिला.

"फिटलं?" एडक्याने विचारलं.

"नाही."

भावाला आता कातरी धरता येत नाही. त्याच्या मेंढ्या एडकाच कातरतो. भाऊ समोर बसून बघतो. आणि बायको थोबाडीत बसली त्या दिवसापासून पोरीच्या खोलीत झोपते.