वसुधाताईचा चार पायांचा कोळी

वसुधाताईने कोळ्याला चारच पाय काढले, आणि मी हसले.

आज तिला जाऊन वर्ष झालं. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

वसुधाताई मूळची नागपूरची, झूलॉजीत एम.एस्सी. इथे डब्लिनला आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये राहायची, नवऱ्याच्या व्हिसावर. नोकरीची परवानगी नाही, म्हणून युनिव्हर्सिटीच्या म्युझियममध्ये फुकट काम करायची. आफ्रिकेतून आणलेले कोळी, अल्कोहोलच्या बाटल्यांत.

ती जाण्याच्या आदल्या वर्षी एका बाटलीच्या तळाशी तिला काळा ठिपका सापडला.

फुलात दबा धरून मधमाश्या पकडणाऱ्या एका क्रॅब स्पायडरचा नर. मादी माहीत होती, चांगली नखाएवढी. नर कुणीच नोंदवला नव्हता. तिळाएवढा तो. सगळ्यांनी कचरा समजून सोडून दिलेला.

"अगं, पेपरवर माझं नाव येणार!" मला ऑफिसात फोन करून ओरडली. शोधनिबंधात छापायला फक्त त्या नराचं चित्र काढायचं राहिलं होतं.

मग बारीकसारीक गोष्टी सुरू झाल्या.

ताटातली डावीकडची भाजी तशीच राहायची. तिची नऊ वर्षांची ईशा म्हणाली, "आई, यू फरगॉट हाफ युवर फूड."

एकदा स्वेटरची डावी बाही नुसतीच लोंबत होती.

एकदा आम्ही ग्रोसरीला निघालो. ती ड्राइव्ह करत होती. गाडी डावीकडे सरकत गेली. कडेला ट्रक उभा. मी किंचाळले, स्टीअरिंग ओढलं.

"दिसलाच नाही गं," ती म्हणाली. अगदी शांतपणे.

"झोप पूर्ण कर जरा," मी म्हणाले.

एवढंच म्हणाले.

तीन आठवड्यांनी, शनिवारी दुपारी, तिने चित्र पुढे ठेवलं. उजवीकडे चार पाय, केस न् केस काढलेला. डावीकडे कोरा कागद.

मी हसले. "डावे पाय कुठे गेले?"

"आहेत की सगळे." बोट ठेवून मोजायला लागली. "एक, दोन, तीन, चार..." थांबली. "झाले ना आठ?"

माझं हसू तिथेच गेलं.

त्याच संध्याकाळी इमर्जन्सी. स्कॅन. मेंदूच्या उजव्या बाजूला ट्यूमर. डावीकडचं जग तिच्यासाठी उरलंच नव्हतं, आणि ते गेलंय हेही तिला कळत नव्हतं.

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी पुढचे महिने मोजले, वर्षं नाही.

घरी आल्यावर तिने चित्र मागितलं. ईशाने कागद उलटा फिरवून धरला. डावी बाजू उजवीकडे आली.

"अरे," ताई म्हणाली, "इथे तर काहीच नाही!"

मग रोज थोडं थोडं. "फिरव गं." "ओके, आई." पाचवा पाय. सहावा. सातवा.

आठव्याआधी पेन्सिल धरवेना.

तिच्या प्रोफेसरांनी तो पाय दुसऱ्या कुणाकडून काढून घेतला नाही. चित्र तसंच छापलं. खाली तिचं नाव.

ताई, त्या ट्रकच्या दिवशी मी तुला थेट डॉक्टरकडे न्यायला हवं होतं.

ईशा बरी आहे. सुखाने जा.