मावशींचं मोठ्यानं वाचणं

लवंगेचा वास जिन्यावरून आधी वर यायचा, त्यामागून धाप, आणि त्या दोहोंच्या मागून अकोटच्या मावशी. अकोल्याच्या ज्या महाविद्यालयात मी कविता शिकवते, तिथे शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या अशा सगळ्यांत त्या वडील होत्या. आणि मनातल्या मनात मुळीच वाचता न येणारी दुसरी पदवीची विद्यार्थिनी अख्ख्या वऱ्हाडात नसेल. अक्षर दिसलं की ते मोठ्यानं उच्चारल्याशिवाय त्यांना कळतच नसे. एसटीवरच्या पाट्या, साबणाचे कागद, लग्नपत्रिका, सगळं त्या खणखणीत वाचत. ग्रंथालयात पाऊल टाकताच त्यांनी समोरची ‘शांतता राखा’ ही पाटी अशा आवाजात वाचली की, ग्रंथपाल उठून उभे राहिले.

ही सवय अकोटच्या जिनिंगमधली. तिथे कापूस निवडणाऱ्या बायांत चौथी शिकलेल्या त्या एकट्याच, त्यामुळे दुपारच्या सुट्टीत भाकरीभोवतीचा वर्तमानपत्राचा तुकडा त्याच वाचून दाखवत. वाचन त्यांनी कधी एकट्यानं केलंच नव्हतं. मी एकदा म्हटलं, “मावशी, मनात वाचा.” “कोनाच्या मनात, बाई?” त्यांनी शांतपणे विचारलं. “माह्या? मंग बाकीच्यायनं काय कराव?”

कवितेशी त्यांचं वागणं शेजारणीसारखं असे. एका विरहकवितेतली नायिका तिसऱ्या कडव्यापर्यंत खिडकीशीच बसून राहिली, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, “इले कोनी कामाले लावा ना.” मी दिवसभर गंभीर होऊ शकले नाही.

दहावी-बारावी त्यांनी उतारवयात बाहेरून दिली होती, तेव्हा गावच्या केंद्रानं त्यांचं वाचणं चालवून घेतलं होतं. इथे मात्र पहिल्याच परीक्षेत पर्यवेक्षकांनी त्यांना पकडलं. “उत्तरं कोणाला सांगताय?” “उत्तर कुठी येते मले? प्रश्न वाचून राहिले.” शेवटी अमरावतीहून, विद्यापीठाकडून, परवानगी आली आणि क्रीडासाहित्याच्या खोलीत, फुटक्या व्हॉलीबॉलांच्या सोबतीनं, मावशी मोठमोठ्यानं परीक्षा देऊ लागल्या. तिथल्या पर्यवेक्षक बाई सांगत की, प्रश्न आवडला नाही तर त्या तो पुन्हा जरा रागानं वाचत.

छातीत मात्र कापसाची धूळ वर्षानुवर्षं बसत आलेली होती. पहिल्या वर्षी त्या अख्खं कडवं एका दमात म्हणत, दुसऱ्या वर्षी एक ओळ. यतीची, म्हणजे ओळ म्हणताना मध्ये थांबायची, जागा मी फळ्यावर खूण करून दाखवते. मावशींची यती दर महिन्याला थोडी अलीकडे सरकत होती. शेवटच्या वर्षी ती शब्दाच्या मध्यावर आली. “आवाज नाई निंगत तं अक्षर नुसतं पाह्यते माह्याकडं,” त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी एसटीचा प्रवास बंद करायला सांगितला होता. बी.ए. होऊन काय करणार, असं मी विचारलं. “काई नाई. बी.ए. होऊन मरीन. आतापावतर नुसतीच मरून राहिली होती.” आणि स्वतःच्याच बोलण्यावर खोकला येईपर्यंत हसल्या.

एकच पेपर उरला होता, माझ्या विषयाचा. त्याच सकाळी त्यांच्या सुनेचा फोन आला. “बाई, आत्याबाईले दवाखान्यात आनलं. रस्ताभर पेपरालेच न्या म्हनत होत्या.” बाहेर मे महिन्याचं ऊन डांबर वितळवत होतं. पेपर सुटल्यावर मी प्रश्नपत्रिका घेऊन गेले. का नेली, मला अजून सांगता येत नाही. परीक्षा तर त्यांच्याविना होऊन गेली होती.

त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला. प्राणवायूच्या मास्कखाली ओठ हलत राहिले. प्लास्टिक धुरकट झालं, निवळलं, पुन्हा धुरकट झालं. शब्द मात्र एकही उमटला नाही. मग त्यांनी कागद माझ्या हातात दिला आणि डोळे मिटले. मी वाचू लागले. रसग्रहणासाठी दिलेलं कडवं आलं, नदीकाठी थांबलेल्या कुणाचं. अर्ध्यावर आले तेव्हा त्यांची बोटं चादरीवर निश्चल झालेली दिसली. झोप लागली असेल, असं समजून मी कागदाची घडी घातली.

मावशींनी डोळे न उघडता मास्क जरा बाजूला सारला.

“मंग?”