टाकीवर चढलेली बाई

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. मैलापूरच्या देवळात हात जोडून उभी राहिले तेव्हा देवालाही नाही — त्याला ठाऊक असेल तर असो, मी होऊन बोलले नाही. तुम्हाला सांगते आहे. का, ते विचारू नका. आणि ऐकताना तो दयाळू चेहरा तेवढा करू नका, मला त्याची चीड येते.

तसा ताकाला जाऊन भांडं लपवायचा माझा स्वभाव नाही. ऑफिसात माझ्या जिभेला सगळे टरकून असतात. पण या एका गोष्टीपाशी आले की — बघा, आत्ताच चार वाक्यं फुकट घालवली.

आमच्या ऑडिट फर्ममध्ये एक गोष्ट सांगतात. शिकाऊ मुलं-मुली नवीन आली की कुणीतरी सांगतंच — मॅडम म्हणे साडी नेसून एन्नोरला तेलाच्या टाकीवर चढल्या होत्या, त्या काळात! मुली माझ्याकडे डोळे मोठे करून बघतात. अड्यारला मी सी.ए.च्या विद्यार्थ्यांना व्यवसायातली नीतिमत्ता शिकवते — हो, तीच — तिथेही माझी ओळख करून देताना ती टाकी येतेच. मी हसते. कधी खोडून काढलं नाही. कशाला काढीन? ती गोष्ट सुरू केली मीच.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आता सगळे चेन्नई म्हणायला लागलेत, तेव्हा मद्रासच. मी नुकतीच सी.ए. झालेली, फर्ममधली एकुलती एक बाई. बाहेरगावच्या कारखान्यात बाईला पाठवायचं म्हटलं की आमचे थोरले पार्टनर आधी नकोच म्हणायचे. मी भांडून भांडून एन्नोरचं काम मिळवलं होतं. भांडून, हे लक्षात ठेवा.

मद्रासच्या उत्तरेला, एन्नोरला गोपाळरावांचा एरंडेल तेलाचा धंदा होता. मोठी लोखंडी टाकी, आणि तिच्यातल्या तेलावर बँकेनं दिलेलं कर्ज. मार्चअखेर ऑडिटरनं शिडीनं वर जायचं, झाकण उघडायचं, वजन बांधलेली टेप आत सोडायची आणि किती भिजली ते बघायचं. झालं काम. पोरखेळ.

गोपाळराव आमच्यापैकीच, तंजावरचे. फाटकातच त्यांनी मराठीत हाक मारली — ये गं बाळ, ऊन लागलं का? एन्नोरच्या वीजकेंद्राच्या त्या धुरात आणि राखेत आपली भाषा कानावर पडली की काय होतं, ते पुण्या-मुंबईच्या माणसाला नाही कळायचं. माझी मराठी पुण्याच्या सासूनं पुढे घासूनपुसून लख्ख केली, पण मुळात आम्ही पिढ्यान् पिढ्या या मुलखातले — बाजारात तमिळ, चुलीपाशी मराठी. जो मराठी बोलला तो घरचा. आणि घरच्या माणसाला ‘दाखवा बघू’ म्हणायचं नाही, ही आमची रीत. आपला तो बाब्या! त्यांनी घरचा डबा उघडला, मला आधी वाढलं. मी जेवले. ऑडिटरनं मोजणीआधी मालकाच्या डब्यातलं जेवू नये, हे आज मी अड्यारला शिकवते.

टाकी सांभाळायला माणिक्कम नावाचा स्टोअरकीपर होता. तोंडात कायम पान, आणि बोलताना नजर जमिनीवर. मला तो बघताक्षणी आवडला नाही. टाकीखाली आम्ही उभे होतो. गोपाळराव म्हणाले, बाहेरून पातळीचा काटा लावलाय की, भरलेली दाखवतोय, उन्हात कशाला चढतेस? तेवढ्यात माणिक्कम म्हणाला — ‘मेले एरि पारुंगम्मा.’ वर चढून बघा, बाई. आणि हसला. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तो पुन्हा तेच म्हणाला. चार हमाल खाली उभे असताना, साडीतल्या बाईला वर चढ म्हणतो? माझं डोकंच फिरलं. सगळ्यांदेखत मी त्याला असा झापला की हमालांनी माना खाली घातल्या. गोपाळरावांनी त्याला तिथून हाकलला. मी बाहेरचा काटा बघितला आणि लिहून दिलं — टाकी मी स्वतः वर चढून मोजली. खाली सही.

आता तुम्ही म्हणाल, बिचारी, साडी आड आली. ठेवा ते तुमच्यापाशीच! कासोटा घालून आमच्या आज्या विहिरीत उतरल्या आहेत. ‘व्हा बाजूला’ म्हणायला माझी जीभ झिजली असती काय? मला उंचीची भीती वाटत होती. एवढंच. दुसऱ्या पायरीवर पाय लटपटले असते आणि ते मालकाला, हमालांना, मद्रासला पार्टनरला कळलं असतं. ते मी होऊ देणार नव्हते. माणिक्कमवरचा राग खरा होता — पण काय वेळेवर आला, नाही?

दिवाळीच्या आधी बँकेच्या माणसांनी झाकण उघडलं. आत तळाला गाळ. काटा केव्हाचा गंजून अडकलेला. गोपाळरावांनी एका दमात सांगितलं — मार्चमध्ये टाकी भरलेली होती, ऑडिटरनं डोळ्यांनी बघितलंय, मग तेल गेलं कुठे? माणिक्कमनं लॉऱ्या भरून विकलं.

आमच्या मैलापूरच्या ऑफिसात मला बोलावलं. पार्टनर, बँकेचे साहेब, गोपाळराव. एकच प्रश्न — तू स्वतः वर चढून बघितलंस?

घाबरून तोंडातून निघालं, असं सांगू? नाही. मला विचार करायला वेळ मिळाला होता. ‘नाही’ म्हटलं तर माझी सही खोटी, माझं शिक्षण पाण्यात, आणि वर ‘म्हणूनच बायका नकोत’ हेही ऐकायचं. ‘हो’ म्हटलं तर माणिक्कम चोर. दोन्ही मला स्वच्छ दिसत होतं. मी हो म्हटलं. नुसतं हो नाही — शिडी उन्हानं इतकी तापली होती की तळवे भाजले, असंही सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं! पार्टनर कौतुकानं बघत राहिले. मघाच्या त्या गोष्टीचा जन्म हा असा.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. माणिक्कम काही संन्यासी नव्हता. उद्धट होता, पान खाऊन कुठेही थुंकायचा. पण उद्धटपणासाठी कुणाला कोठडीत टाकतात का? पोलिसांनी नेला, मारला. नोकरी गेली, कारखान्यानं दिलेली खोली गेली. पुढे पुराव्याअभावी सुटला म्हणे. चोर तो चोरच राहिला. गोपाळरावांच्या मुलाच्या मुंजीला मी जेवून आले.

त्यानंतर न बघता मी एकही सही केली नाही. टाक्यांवर चढले, थरथरत चढले, गोदामांत उतरले. हे प्रायश्चित्त म्हणून सांगत नाहीये. त्यातून माणिक्कमला काय मिळालं? कपाळ! मी चांगली ऑडिटर झाले, माझ्या विद्यार्थिनीही चांगल्या झाल्या, आणि ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. तुम्हाला ते पचत नसेल तर तो तुमचा प्रश्न.

एक राहिलं. हेच सांगायचं होतं, बाकीची नुसती टाळाटाळ.

सुटल्यावर माणिक्कम एकदा ऑफिसात आला. बरोबर बायको. तोंडात पान नव्हतं. मी खोलीत एकटी होते. मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं, म्हणाला, चोराची मुलगी म्हणून. मग पहिल्यांदाच त्यानं सरळ माझ्याकडे बघितलं. जगानं मला चोर म्हणावं, पण तुम्ही कसं म्हणता, अम्मा? मालक शेजारी उभा होता, मी त्याहून जास्त काय बोलणार होतो? मी दोनदा तुम्हाला वर चढून बघायला सांगितलं. चोर असं सांगेल का?

नाही सांगणार. मला ते त्या क्षणी कळलं, पुरतं कळलं. त्याची बायको माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, मला असलं काही आठवत नाही — आणि शिपायाला बोलवायला घंटी वाजवली.