साठ नंबरचा पेपर

थोरला मिस्त्री मोरीत बसला आणि साठ नंबरच्या पॉलिश पेपरने स्वतःचंच कोपर घासू लागला, फळीवरची गाठ घासावी तसं. आधी पांढरा भुसा पडला, मग लाल पाणी. दातांत फडकं धरलं होतं म्हणून आवाज फुटला नाही.

कसलंही आडमुठं लाकूड त्याच्या हाताखाली लोण्यासारखं यायचं. कोपरांवर, गुडघ्यांवर खवल्यांचे लाल चट्टे उठल्यावर त्याला दुसरा इलाज सुचणार तरी कुठून? शिवाय धाकट्या भावाने सकाळीच तोंड उघडलं होतं.

"दादा, घरात तान्हं पोर आहे. तुझं हे आम्हाला लागायचं. वर्कशॉपची वाटणी करू."

वीस वर्षं फळीचं एक टोक याच्या हातात, दुसरं त्याच्या.

बायकोने मोरीचं दार ढकललं. "अहो, कातडं सोलताय का स्वतःचं?" ती पेपर हिसकावायला गेली. त्याने असा धक्का दिला की ती पिंपावर आदळली. कपाळाला खोक पडली. ती उठली आणि पदराने रक्त दाबत म्हणाली, "घ्या, आता हेही घासून काढा."

पंधरा दिवसांत, जिथे जिथे पेपर फिरला होता तिथे तिथे नवे चट्टे उठले. वीत वीत लांब. बायकोनेच त्याला दवाखान्यात ओढत नेलं.

"कशाने घासलंत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"साठ नंबर. आधी जाडा लावायचा, मग बारीक."

"बारीकपर्यंत पोचला नाहीत हे नशीब. आणि यांच्या कपाळाला काय झालं?"

"तेही यांचंच काम," बायको म्हणाली. मिस्त्रीची मान खाली गेली.

"हा सोरायसिस," बाई म्हणाल्या. "माणसाची कातडी महिनाभरात नवी होते. तुमची तीन-चार दिवसांत होते, म्हणून थर चढतात. रोगांशी लढणारे अंगाचे राखणदारच घरच्यांवर धावून जाताहेत. लाकूड मार खाऊन गप्प बसतं. ही कातडी मार खाल्ला की तिथेच उसळते."

"दुसऱ्याला लागतं?"

"नाही. शिवून नाही, एका ताटात जेवून नाही, बाळाला मांडीवर घेऊन नाही. कायमचं जाईल असं वचन देत नाही, पण आटोक्यात राहतं. मलम लावा, अंग कोरडं पडू देऊ नका. सकाळी बोटं आखडली तर लगेच या, हा आजार सांध्यांतही शिरतो."

तिथून तो तडक वर्कशॉपात गेला. धाकट्याने दोघांच्या कामाच्या लांब बाकाचे करवतीने दोन तुकडे केले होते.

"लागत नाही म्हणाल्या बाई."

"म्हणणारच. त्यांना कुठे तुझ्या शेजारी उभं राहायचंय?"

थोरल्याने त्याची गचांडी धरली. धाकट्याने नाकावर ठोसा दिला. मग दोघं भुशात लोळले, एकमेकांना मिळेल तिथे गुद्दे हाणत. धाकट्याचा ओठ फाटला, थोरल्याची कोपरं फुटली. बाजूला झाले तेव्हा धाकट्याचे दोन्ही तळवे भावाच्या रक्ताने आणि खवल्यांनी माखले होते. तो हातांकडे बघतच राहिला.

"झालं," थोरला धापा टाकत म्हणाला. "लागायचं ते लागलं आता. रोज बघ."

धाकट्याने टर्पेंटाइनने हात धुतले. मग खरंच रोज सकाळी खिडकीशी उभा राहून तो तळवे उलटसुलट बघायचा. आठवडे गेले. हातावर जुने घट्टे होते, बाकी काही नाही.

एके दुपारी तो दाराची फळी घेऊन थोरल्याच्या अर्ध्या बाकाशी आला.

"दादा, टोक धर. एकट्याने वाकते."

"तुझ्या बायकोला विचारलंस?"

"तिला हात दाखवले."

थोरल्याने बाह्या कोपरांच्या वर सारल्या आणि टोक धरलं.