न तपासलेली गाठ

उंच इमारतींच्या काचा पुसणाऱ्या त्या दोघा भावांना सगळे थोरली पाल आणि धाकटी पाल म्हणत. दिवसभर दोर कमरेला, बादली बाजूला आणि दोघे भिंतीला चिकटलेले. त्यांच्या धंद्यात एक नेम होता: आपली गाठ आपण तपासायची नाही. बांधणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही, म्हणून ती जोडीदाराने ओढून बघायची. चहा पिऊन परत उतरतानाही.

गाठ सुटून धाकटा पडला, त्याला आठ महिने झाले. चौकशीत थोरल्याने सांगितलं होतं, गाठ मी तपासली होती. ते खोटं होतं.

आता थोरला त्याच इमारतींच्या तळमजल्यावर फरशा पुसायचा. कोणी वर बघायला सांगितलं तरी बघत नसे. घरी आला की स्वयंपाकघरात सतरंजी टाकून भिंतीकडे तोंड करून पडायचा. त्याची मुलगी नुकतीच धरून धरून उभी राहू लागली होती. ती खुर्चीला धरून उठली की हा खोलीबाहेर.

"पडेल म्हणून तुम्ही उठून जाता," बायको म्हणाली, "मग पडली की उचलायला काय शेजाऱ्यांना बोलावू?"

पूर्वी तो हसला असता.

आई रोज सकाळी खिडकीपाशी हात जोडून बसे. देवाकडे मागणं एकच: थोरल्याला सांभाळ. खरं कळलं तर हीच आई आपलं तोंडही बघणार नाही, असं त्याला वाटे. म्हणून तिची प्रार्थना सुरू झाली की तो नळ मोठा सोडून भांडी घासायला घेई.

एका सुट्टीच्या सकाळी नळाला पाणी नव्हतं.

"काही चूक नसताना पोर झिजतंय रे, देवा," आई म्हणत होती.

तो दारात येऊन उभा राहिला. "आई, थांब. त्याला खोटं सांगू नकोस."

"काय झालं?"

"चहानंतर मी गाठ पाहिलीच नाही. तो म्हणाला, दादा, किती वेळा बघशील, लग्न ठरवायचंय का तिच्याशी? मी हसलो. तो उतरला."

आईने जोडलेले हात मांडीवर ठेवले.

"तोही हसत होता?"

"हो."

तिने डोळे पुसले नाहीत. "माफ केलं म्हणायला मला आत्ता जमणार नाही. तोंडदेखलं म्हणणार नाही. ते मला देवाकडे मागून घ्यावं लागेल, आणि तो कधी देईल ठाऊक नाही." मग सतरंजीकडे बोट दाखवून म्हणाली, "पण ती गुंडाळ. एक गेला. दुसऱ्याला भिंतीकडे तोंड केलेलं मी किती दिवस बघू?"

तो तिच्याशेजारी बसला. दोघांमध्ये हातभर जागा होती. तिने डोळे मिटले. ओठ हलले, शब्द आले नाहीत. त्यानेही हात जोडले. काय मागायचं ते सुचेना, म्हणून नुसता बसून राहिला.

दुपारी तो सगळ्यांबरोबर जेवायला बसला. आईने त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याचं ताट रिकामं झालं तेव्हा मात्र, न बघताच, तिने भाताचं भांडं त्याच्याकडे सरकवलं.