त्या पत्त्यावर अशी मुलगी राहत नाही

समाजकार्याच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षी प्रत्येकाला प्रत्यक्ष कामासाठी कुठेतरी पाठवत. कुणाला दवाखाना मिळाला, कुणाला बालगृह. मला कोल्हापुरातलं एक पोलीस ठाणं मिळालं. तिथल्या महिला कक्षात बसायचं आणि तक्रार घेऊन येणाऱ्या बायकांचं म्हणणं नीट ऐकून घ्यायचं. हे काम पुरं झालं नाही तर वर्ष वाया जाणार होतं, आणि आमच्या घरात वर्ष वाया घालवायची सोय नव्हती. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आम्ही कबनूरला राहायचो आणि वडील तिथेच यंत्रमागावर कामाला होते.

त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "जा. पण गल्लीत बोलू नगंस. पोरगी ठाण्यात जाती म्हटल्यावर माणसं काय काय इचार करत्यात." आईने गल्लीत सांगितलं, कॉलेजचं काम वाढलंय. ते काही अगदीच खोटं नव्हतं.

सुरुवातीला मी ठाण्यात कुणीही आत आलं की उभी राहायची. कक्षातल्या हवालदारबाई आडव्या अंगाच्या, आवाज रस्त्यापर्यंत जाणारा. त्या म्हणाल्या, "खाली बस की गं. तू उठलीस की येणारीला वाटतंय, हिच्यावरच कायतरी केस हाय." हळूहळू जमायला लागलं. आधी पाणी द्यायचं, मग बसू द्यायचं, प्रश्न नंतर. एक आजी सुनेची तक्रार घेऊन आल्या आणि सगळं मनासारखं बोलून झाल्यावर तक्रार विसरून माझ्यासाठी स्थळ बघायचं आश्वासन देऊन गेल्या. मला तिथे बरं वाटू लागलं होतं. आपल्याला हे काम येईल, असंही वाटू लागलं होतं.

तेवढ्यात ठाण्याला नवे साहेब आले. रोज इथे बसणाऱ्या मुलीची पडताळणी झालेली नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. आमच्या भागातल्या ठाण्याला माझा पत्ता तपासायला कळवलं गेलं. मला त्यात काळजीचं काही वाटलं नाही.

काही दिवसांनी साहेबांनी बोलावलं. "कबनूरहून उत्तर आलंय. त्या पत्त्यावर अशी मुलगी राहत नाही."

"मग मी कुठं राहते, सर?" मी खरोखरच विचारलं.

हवालदारबाई भिंतीकडे तोंड करून हसू लागल्या. साहेब हसले नाहीत. "ते तुम्ही सांगायचं. तोवर इथे यायचं नाही."

एसटीत सगळा रस्ता मी रडत होते. घरी आल्यावर आईला सांगितलं. आई तशीच उठली आणि कोपऱ्यावरच्या काकूंकडे गेली, मी मागोमाग. गल्लीत कोण आलं, कोण गेलं, ते काकूंना ठाऊक नाही असं होत नसे.

"आलता की पोलीस," काकू शांतपणे म्हणाल्या. "तुझ्या पोरीचं नाव घेऊन इचारत हुता. म्हटलं, असली कोण न्हाय हितं."

"अवो, पण का?"

"का म्हंजे? पोलीस पोरीला हुडकत आलाय, आन आमी दार दाखवू व्हय? तुमच्या जिवाला घोर नको म्हणून तुमास्नी बी बोललो न्हाय."

एकट्या काकूच नव्हेत, सगळी गल्ली सामील होती. किराणा दुकानदाराने आपण इथे नवीन असल्याचं सांगितलं होतं. त्याचं दुकान त्याच्या वडिलांच्या वेळचं. समोरच्या वहिनींनी तर "ह्या गल्लीत पोरीच न्हाईत" असं ठोकून दिलं होतं, आणि त्यांच्या दोन मुली पाठीमागे उभ्या होत्या.

वडील पाळीवरून आले. आता कॉलेजच बंद करतील, या भीतीने मी आत बसले. ते बाहेर आईला म्हणाले, "गल्लीचं काय चुकलं? तुमास्नी लपवाय मीच सांगितलं हुतं. सुट्टीदिवशी मी जातो सायबांकडं."

ते ठाण्यासमोरून जातानासुद्धा रस्त्याच्या पलीकडून जाणारे. इस्त्रीचा सदरा घालून माझ्याबरोबर निघाले, तर बसथांब्यावर काकू हजर.

साहेबांसमोर काकूच आधी बोलल्या. "त्या पोलिसाला न्हाय म्हणून मीच सांगितलं. पोरगी आमचीच हाय."

"पोलिसाशी खोटं बोललात, कळतंय का?"

"कळतंय की. पण त्यानं बी नीट सांगायचं हुतं. पोरगी शिकाय येती म्हणून इचारतोय म्हणाला असता, तर च्या पाजून घरापतुर सोडला असता."

साहेबांनी वडिलांकडे पाहिलं. वडील खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभेच होते. "माझी मुलगी हाय, सायेब. ती हितं येती हे मी लोकांपासनं झाकून ठेवलं. आता सगळ्यांस्नी सांगतो."

साहेब पहिल्यांदाच हसले. "त्या हवालदाराला परत पाठवायला कळवतो. चहा तयार ठेवा. आणि तू सोमवारपासून ये."

सोमवारी सकाळी नळावर बायकांची गर्दी होती. मी मान खाली घालून निघाले होते.

"चालली बघा आमची पोलीस!" काकू मोठ्यांदा ओरडल्या.

"काकू, मी पोलीस न्हाय. शिकाय जाते नुसती."

"असू दे की. सांगाय काय जातंय?"

मागे आमच्या ओट्यावर वडील दात घासत होते. त्यांनी काकूंना अडवलं नाही.